सर्टिफिकेट हातात, लॅडल ओला

सर, नमस्कार.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, ट्रेनिंगचं काम बघते. तिन्ही शिफ्ट मिळून आमच्याकडं २१० कामगार आहेत. मागच्या दिवाळीनंतर मालकांनी मोबाईलवरचं एक ट्रेनिंग ॲप घेतलं. चाळीस व्हिडिओ, एकेक अठरा-वीस मिनिटांचा, प्रत्येकाच्या शेवटी दहा प्रश्न आणि पास झालं की सर्टिफिकेट. मोबाईल गेटवर जमा करून घेतात, त्यामुळं सगळे घरी जाऊन बघतात. सात जण सोडले तर सगळ्यांचा कोर्स पूर्ण झाला आणि मी खूश होते. पण ब्लोहोलचं (ओतलेल्या पीसमध्ये वायूमुळं राहणाऱ्या पोकळ्यांचं) रिजेक्शन जिथल्या तिथं आहे. त्यात गेल्या महिन्यात नाईट शिफ्टला एका नव्या पोरानं नीट न तापवलेल्या लॅडलमध्ये (वितळलेलं लोखंड घेऊन ओतायच्या भांड्यात) मेटल घेतलं आणि ते उसळलं. नशिबानं कुणाला भाजलं नाही. त्याला तीन दिवस बिनपगारी घरी बसवलं. फाईल काढून बघितली तर लॅडल प्रीहीटिंगचं, म्हणजे तो आधी तापवायचं, सर्टिफिकेट त्याच्याकडं होतं, दहापैकी नऊ मार्क! आता मालक म्हणतात, ॲप बंद करा. फोरमन म्हणतात, ‘आम्ही तेव्हाच सांगितलं होतं, हे काम मोबाईलवर शिकायचं नसतं.’ मला मात्र वाटतं की तीन शिफ्टमधल्या इतक्या लोकांपर्यंत पोचायला मोबाईलशिवाय दुसरा मार्ग नाही. माझं चुकतंय का? मालकांना काय सांगू?

एक वाचक, शिरोली

ताई,

पोरगा धडधाकट आहे हे वाचून आधी हुश्श केलं. मग ते ‘दहापैकी नऊ’ परत एकदा वाचलं.

त्याला काय विचारलं असेल त्याचा अंदाज बांधता येतो. ‘लॅडल वापरण्याआधी का तापवावा?’ खाली चार पर्याय, त्यातला एक ‘ओलावा जाण्यासाठी’. त्यानं बरोबर खूण केली. म्हणजे उत्तर त्याला येत होतं. येत नव्हतं ते असं : रात्री दोन वाजता समोर असलेला हा लॅडल, ज्याच्या अस्तराला संध्याकाळी ठिगळ लावलंय आणि जो वरून खडखडीत दिसतोय, तो आतून सुकलाय का? आणि शंका आली, तर फर्नेसवरच्या जुन्या माणसाला ‘जरा थांबा’ म्हणायचं कसं? ठिगळाचा वरचा थर बर्नरच्या जाळानं पटकन सुकतो, पाणी मागं दडून बसतं. त्यावर १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड पडलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. ती नसते, म्हणून मेटल वर येतं.

मेटल कसं उसळतं हे दाखवायला मोबाईलइतकं चांगलं साधन दुसरं नाही. फोरमन कितीही हुशार असला तरी मुद्दाम ओल्या लॅडलमध्ये मेटल ओतून दाखवणार नाही. दहा सेकंदांचं चित्रण बघितलं की माणूस आयुष्यभर दचकतो. पण तुमचा लॅडल किती वेळ तापवायचा, बर्नर कुठं धरायचा, ठिगळ मोठं असेल तर किती वेळ जास्त द्यायचा, हे तुमच्या शॉपमध्येच शिकायचं. ॲप बनवणाऱ्यानं तुमचा लॅडल बघितलेलाच नाही.

फोरमन म्हणतात ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं कुठं चुकतं ते मला माझ्याच अनुभवातनं कळलं, आणि ते कळायला मला एकतीस वर्षांच्या शिकवण्याच्या नोकरीची शेवटची काही वर्षं लागली.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमची संस्था बंद होती. टर्नरच्या (लेथवरचं काम शिकणाऱ्या) पोरांना व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, शिकवायचा होता. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पिठाचा डबा ठेवून त्याला मोबाईल टेकवला, हातात व्हर्नियर धरला आणि व्हिडिओ काढले. मागं कुकरच्या शिट्ट्या. स्केलचे जवळून फोटो काढून रोज सकाळी व्हॉट्सॲपवर टाकायचो, पोरांनी माप ओळखून पाठवायचं. पहिल्या आठवड्यात निम्मी उत्तरं चुकीची. तीन आठवड्यांनी चूक शोधून सापडेना. वर्गात फळ्यावर शिकवताना मला हे इतक्या लवकर कधी जमलं नव्हतं. मी हुरळून गेलो.

संस्था उघडली. २५ मिलिमीटरचा एक बार दिला आणि म्हटलं, मोजा. सात पोरांची सात मापं आली! वाचन एकाचंही चुकलेलं नव्हतं, डोळा अगदी तयार झाला होता. पण कुणी जबडे तिरके धरलेले, कुणी शिकंजा आवळावा तसा दाबलेला. एकानं तर लेथवरून नुकता उतरलेला गरम जॉब मोजला. एवढा बार साठ अंशांनी जास्त गरम असला तर जवळजवळ ०.०२ मिलिमीटरनं मोठा भरतो, म्हणजे व्हर्नियरचा अख्खा एक लीस्ट काउंट, त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप. हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं, कारण ओट्यावरचा बार कधी गरम नव्हताच. जबडा जॉबला कितपत टेकला की थांबायचं, ते तर सांगून कळतच नाही. पोराच्या बोटांवर आपली बोटं ठेवून ‘हां, एवढंच’ म्हणावं लागतं.

तेव्हापासून मी कुठल्याही कोर्सकडं बघताना विचारतो की यातलं डोळ्याचं काय आणि हाताचं काय. डोळ्याचं मोबाईलवर उत्तम शिकवता येतं, कधीकधी वर्गापेक्षा चांगलं. हाताचं तिथं शिकवता येत नाही, पण विसरू नये म्हणून आठवण मात्र करून देता येते.

तुमच्या ब्लोहोलचं बघा. ग्रीन सँड (साच्याची ओलसर वाळू) मुठीत दाबून, मूठ उघडून, गोळा मोडून कडा कशा तुटतात ते बघणारा मोल्डर, म्हणजे साचा भरणारा, तुमच्याकडं असेलच. त्याच्या तळहाताला जे कळतं ते व्हिडिओत येणार नाही. पण ब्लोहोल, श्रिंकेज (मेटल आकसून पडलेली पोकळी) आणि स्लॅग इन्क्लुजन (आत अडकलेली मळी) यांतला फरक कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या पीसच्या, फोटोवरून ओळखायला शिकणं? शंभर फोटो दाखवा, रोज दोन. इथं मोबाईलच जिंकणार.

आता संशोधनाचं, कारण मालकांपुढं ते लागेल. २०१६ साली तैवानमधल्या संशोधकांनी मोबाईल, टॅबलेट, लॅपटॉप अशा सोबत नेता येणाऱ्या साधनांवरच्या शिक्षणाचे ११० अभ्यास एकत्र करून तपासले. ही साधनं न वापरता शिकवण्यापेक्षा सरासरी फायदा मध्यम निघाला. कमी नाही, पण जादूही नाही. मात्र त्यात भर शाळा-कॉलेजातल्या शिक्षणावर होता. त्यामुळं ‘मोबाईलवर शिकलं जात नाही’ हे फोरमनचं म्हणणं टिकत नाही. आणि ‘ॲप घेतलं म्हणजे माणूस तयार झाला’ असं मालकांना वाटलं असेल तर तेही टिकत नाही.

व्हिडिओच्या लांबीबद्दल. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाईन कोर्सच्या व्यासपीठावरची ६९ लाख वेळा झालेली व्हिडिओ-पाहणी तपासली गेली. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या आतच टिकतात असं दिसलं. ही स्वतःहून नाव नोंदवलेली, शिकायला आलेली माणसं होती. तुमचा माणूस आठ तास फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) ग्राइंडर धरून घरी जातो, जेवतो आणि मग अठरा मिनिटांचा व्हिडिओ लावतो. त्याला झोप लागली तर त्यात त्याचं काय चुकलं? त्याच पाहणीत असंही आढळलं की स्टुडिओत झकपक केलेल्या चित्रीकरणापेक्षा साध्या जागी बसून, माणूस माणसाशी बोलतो तसे केलेले व्हिडिओ जास्त बघितले जाऊ शकतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मला जास्त खुपतात ते शेवटचे दहा प्रश्न. व्हिडिओ संपल्या संपल्या परीक्षा घेणं म्हणजे भाकरी तव्यावर असतानाच ‘उद्या ही मऊ राहील का’ विचारणं. माणूस किती झपाट्यानं विसरतो हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ सालीच दाखवलं होतं. आणि २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटानं उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं तपासलं तर पारडं फिरलं : वाचणाऱ्यांचे ४२, आठवून लिहिणाऱ्यांचे ५६. म्हणजे लगेच घेतलेल्या परीक्षेत जो पुढं दिसतो तो आठवड्यानं मागं असू शकतो. तुमच्या पोराचे नऊ मार्क पाच मिनिटांनंतरचे होते. लॅडल मात्र कित्येक आठवड्यांनी समोर आला.

आठवड्यानं, महिन्यानं न विसरता प्रश्न विचारणं हे फोरमनला जमत नाही, तुम्हालाही जमणार नाही. मोबाईलला जमतं. त्याची खरी ताकद ही आहे, आणि तुमच्या ॲपमध्ये नेमकी तीच वापरलेली दिसत नाही.

आता गेटवरच्या पेटीविषयी. मोबाईल आत नेऊ देत नाहीत हे योग्यच आहे. फर्नेसजवळ खिशात वाजणारा फोन नको, त्यात ढील देऊ नका. पण मग कोर्स घरी होतो, म्हणजे कंपनीचं शिक्षण कामगाराच्या वेळेत, त्याच्या डेटावर आणि बहुतेक वेळा घरातल्या एकुलत्या एका चांगल्या फोनवर. तो फोन रात्री पोरांच्या हातात असतो. तुमच्या २०३ सर्टिफिकेटांतली काही सहावी-सातवीतल्या लेकरांनी मिळवलेली आहेत अशी मला दाट शंका आहे. माझ्या ओळखीच्या एका मशिनिस्टानं हसत हसत कबूल केलं होतं, “सर, प्रश्न लेकीनं सोडवले. तिला इंग्लिश येतंय.” लेक हुशार आहे, पण ती काही बोरिंग मशीन चालवत नाही.

भाषेचंही बघून घ्या. अशा ॲपमध्ये मी ‘ओतपात्र’, ‘वितळलेला धातू’, ‘साचावाळू’ असे शब्द ऐकलेत. ओतपात्र ऐकलं की मला पंगतीत तूप वाढायचं भांडं आठवतं. तुमच्या शॉपमध्ये लॅडल, मेटल, सँड म्हणतात ना? मग तेच म्हणा. उत्तर प्रदेश-बिहारकडची पोरं असतील तर त्यांच्यासाठी हिंदी आवाज वेगळा, आणि तोही त्यांच्यातल्याच कुणाचा.

करायचं काय, ते आता सांगतो. चाळीस व्हिडिओ बाजूला ठेवा. दोनच विषय घ्या, लॅडल आणि सँड. तुमच्याच शॉपमध्ये, तुमच्याच लॅडलवर, मोबाईलनं तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढा. संगीत नको, कंपनीचा लोगो फिरवत आणायला नको. बोलणारा माणूस म्हणून सर्वांत जास्त कुरकुर करणारा फोरमन घ्या. मी हे गमतीनं म्हणत नाही. ‘मोबाईलवर शिकायचं नसतं’ म्हणणाऱ्या माणसाकडं शिकवण्यासारखं बरंच असतं, आणि आपली गादी ॲपनं घेतली हे त्याचं दुखणं असतं. गादी त्याला परत द्या. तो निवृत्त झाला की त्याच्या हातातलं सगळं त्याच्याबरोबर घरी जाईल. निदान तीन मिनिटं तरी मागं राहू देत.

तो व्हिडिओ शिफ्ट सुरू होताना, फोरमनच्या केबिनबाहेर, कंपनीच्या एका टॅबलेटवर, पगाराच्या वेळेत दाखवा. सहा-सात जण उभ्या उभ्या बघतील. लगेच लॅडलपाशी जा आणि प्रत्येकाकडून करून घ्या, बोलत बोलत : काय करतोयस, का करतोयस. यात नवीन काही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यातली अनुभवी माणसं लढाईवर गेली आणि कोरी माणसं भरावी लागली, तेव्हा सुपरवायझरांना हेच चार टप्पे शिकवले होते. माणसाची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर मागून जाऊन बघा. त्यासाठी खिशात मावेल एवढं कार्ड दिलेलं असायचं. त्या काळचा मोबाईलच म्हणा ना. तुमच्या ॲपनं दुसरा टप्पा तेवढा केला आणि बाकीच्या तिघांचं सर्टिफिकेट देऊन टाकलं.

मग मोबाईल घरी वापरा, पण एका वेळी एकच प्रश्न, अर्ध्या मिनिटाचा. दोन दिवसांनी, आठवड्यानं, महिन्यानं. प्रश्नात तुमच्याच कास्टिंगचा फोटो हवा : ‘काल दुसऱ्या शिफ्टला हा पीस बाद झाला. कशामुळं?’ पर्याय देऊ नका, आवाजात उत्तर पाठवू द्या. लिहायला कंटाळणारा माणूस बोलायला कंटाळत नाही. चुकलेल्या उत्तरांना मार्क नकोत, दुसऱ्या दिवशी फोरमननं त्यावर दोन मिनिटं बोलावं.

आणखी एक, हे मला कोल्हापुरातल्या गंगावेशीकडच्या एका पैलवान पोरामुळं सुचलं. आपल्याकडं आखाड्याला तालीम म्हणतात आणि त्या मूळ अरबी शब्दाचा अर्थच शिक्षण. हा पोरगा मोबाईलवर मोठमोठ्या मल्लांच्या कुस्त्या बघतो, पण शिकतो स्वतःच्या हरलेल्या कुस्त्यांवरून. मित्रानं काढलेलं चित्रण वस्ताद त्याच्यापुढं धरतात, बोटानं थांबवतात आणि विचारतात, “इथं पाय कुठं होता तुझा?” तुमच्या मोल्डरला सँड भरताना, कोअर (पीस आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचा भाग) ठेवताना कंपनीच्या टॅबलेटवर टिपा आणि त्यालाच दाखवा. फक्त त्याला विचारून, आणि ते चित्रण कुठल्याही चौकशीत वापरणार नाही हे लेखी देऊन. नाहीतर तो कॅमेरा आहे म्हणून एक दिवस चोख काम करेल आणि तुमच्यावरचा विश्वास कायमचा जाईल.

मालकांना काय सांगायचं? डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या, आजही त्याच वापरतात. लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर तसं वागतात का आणि कंपनीला फरक पडला का. तुम्ही पहिल्या दोन पायऱ्यांचे आकडे दाखवताय, मालक चौथीचा विचारताहेत. तिसरी कुणीच बघितलेली नाही. तेव्हा दोन महिने मागून घ्या. एका मोल्डिंग लाईनवर हे नवं करा, दुसरी आहे तशी राहू दे. रोज दहा लॅडल फोरमननं तपासून खूण करायची, नीट तापवलेला होता की नव्हता. एवढी एक वही पुरे.

पण ताई, ही वही उघडायच्या आधी सँड प्लांटवर एक चक्कर मारा. ब्लोहोल फक्त मोल्डरच्या चुकीनं येत नाहीत. सँडमधला ओलावा कमी-जास्त होत असेल, उन्हाळ्यात नॉकआउटवरून (साचा फोडून पीस काढतात तिथून) परत आलेली सँड गरमच मलरमध्ये (सँड मिसळायच्या यंत्रात) जात असेल, कोअरचे व्हेंट (वायू बाहेर जायची भोकं) बुजलेले असतील, मेटल थंड ओतलं जात असेल, तर २१० जणांना सोन्याचं शिक्षण दिलं तरी पीस बाद होतच राहणार. ओलावा मोजायचं यंत्र चालू आहे का, शेवटचं कधी तपासलं, रात्रपाळीत रीडिंग खरंच घेतात की सकाळी एकदम चार आकडे भरून ठेवतात, ते बघा. यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारून त्याला कोर्स करायला लावणं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता पहिला संशय मला त्याचाच येतो. तसं निघालं तर मालकांना ते आधी सांगा. तुमचं ट्रेनिंग वाचेल आणि तुमचा शब्दही.

ॲपचं जे वर्षाचं भाडं भरलंय ते बुडवू नका. नव्या माणसाला पहिल्या दिवशी गॉगल, हातमोजे, सेफ्टी बूट, बाहेर पडायचे रस्ते हे दाखवायला ते ठीक आहे. कराराची मुदत संपली की चाळीस व्हिडिओंचे पैसे देऊ नका. आठवड्या-महिन्यानं आपले स्वतःचे प्रश्न पाठवता येतात का एवढंच विचारा. येत नसतील तर व्हॉट्सॲप ग्रुप आणि तुमची एक वही यावरसुद्धा भागेल. कटकट होईल, पण भागेल.

सुरुवात त्या पोरापासून करा. लॅडलचा पहिला व्हिडिओ फोरमन आणि तो, दोघांनी मिळून करायचा. त्या रात्री लॅडल कसा दिसत होता, बर्नर किती वेळ लावला होता, शंका आली होती का, आली असेल तर तो गप्प का बसला, हे त्याच्या तोंडून आलं तर तुमच्या तिन्ही शिफ्ट कान देऊन ऐकतील. त्याचा चेहरा दाखवायची गरज नाही, हात आणि आवाज पुरे. पण त्याचा तीन दिवसांचा पगार कापला गेला असेल, तर आधी तो परत मिळवून द्या. त्याशिवाय तो खरं बोलणार नाही.